रक्तात सापडलं म्हणजे नेमकं काय? सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनविषयी



मी औषधशास्त्र शिकवते. त्यामुळे लग्नाकार्यात भेटणारी माणसं मला हमखास औषधांचे प्रश्न विचारतात. गेल्या काही वर्षांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "अगं, ते सनस्क्रीन लावावं की नको? ते म्हणे रक्तात जातं."

जातं. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे बोलता येईल. सगळीच सनस्क्रीनं सारखी जात नाहीत, पण ऑक्सिबेन्झोन नावाचं जे रसायन काही सनस्क्रीनमध्ये असतं, ते त्वचेतून रक्तात जातं, तिथून लघवीत उतरतं, आईच्या दुधातही सापडलं आहे. ही अफवा नाही. पण "रक्तात सापडलं" आणि "अपाय झाला" या दोन वाक्यांच्या मध्ये बराच मोठा रस्ता आहे, आणि व्हॉट्सॲपवरचा निरोप तो रस्ता एका उडीत पार करतो. आज आपण तो चालत जाऊ.

आधी हे रसायन करतं काय ते बघू. उन्हात आपल्याला दिसणारा प्रकाश असतो, तसेच न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांचे दोन गट आपल्या कामाचे, यूव्ही-बी आणि यूव्ही-ए. यूव्ही-बी त्वचा भाजून लाल करतं. यूव्ही-ए खोलवर जातं, काळवंडवतं, सुरकुत्या आणतं. ऑक्सिबेन्झोनचा रेणू यूव्ही-बी आणि यूव्ही-एचा सुरुवातीचा पट्टा शोषून घेतो. शोषल्यावर त्याच्या आतला एक हायड्रोजन क्षणभर जागा बदलतो, ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते आणि रेणू पुन्हा पहिल्यासारखा होतो. पुढच्या किरणासाठी तयार. याच गुणामुळे तो प्लॅस्टिकमध्ये आणि रंगांमध्येही घालतात, ऊन लागून ते विटू नयेत म्हणून. काही अत्तरांत आणि नेलपॉलिशमध्येही असतो. म्हणजे तुम्ही आयुष्यात सनस्क्रीनला हात लावला नसेल तरी ऑक्सिबेन्झोनशी तुमची गाठ पडलेली असू शकते. अमेरिकेत २००३-०४ साली देशभरातल्या अडीच हजारांवर लोकांची लघवी तपासली, तेव्हा जवळजवळ ९७ टक्के नमुन्यांत ते मिळालं.

एक जाताजाता. "केमिकल सनस्क्रीन किरण शोषतं आणि मिनरल सनस्क्रीन आरशासारखं परतवतं" असं सगळीकडे सांगतात. ते बरोबर नाही. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडसुद्धा अतिनील किरण बहुतांशी शोषूनच घेतात, परतवणं फार थोडं. खरा फरक आहे तो हा, की ते कण घन असतात, विरघळत नाहीत, आणि धड त्वचेच्या वरच्या मृत थरातच राहतात. ऑक्सिबेन्झोनचा रेणू लहान आणि तेलात विरघळणारा. आपली त्वचाही वरून तेलकटच. त्यामुळे त्याला आत जायला फारशी अडचण येत नाही.

आता त्या गाजलेल्या प्रयोगाकडे येऊ. २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास छापला. २४ निरोगी माणसं. बाजारातली चार सनस्क्रीनं. दिवसातून चार वेळा, सलग चार दिवस, शरीराच्या ७५ टक्के भागावर, आणि तेही पाठ्यपुस्तकातल्या प्रमाणात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम. मग रक्त तपासलं.

ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनमध्ये रक्तद्रवातलं त्याचं सरासरी शिखर दर मिलिलिटरला साधारण १७० ते २१० नॅनोग्रॅम निघालं. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. आणि एफडीएने ठरवलेली रेघ होती ०.५ नॅनोग्रॅमची. २०० भागिले अर्धा किती? ४००. झाला मथळा तयार: "सुरक्षित मर्यादेपेक्षा ४०० पट!"

इथे थांबा. ही ०.५ ची रेघ "सुरक्षित मर्यादा" नाहीच. तिचा अर्थ असा: एखादा पदार्थ रक्तात याहून कमी जात असेल, तर तो कितीही अनोळखी असला तरी त्यापासून कर्करोगाचा धोका नगण्य मानता येतो, आणि कर्करोग, प्रजनन, गर्भ यांविषयीच्या काही महागड्या चाचण्या माफ करता येतात. याहून जास्त जात असेल तर माफी नाही, चाचण्या करा. जुन्या जकात नाक्यासारखं आहे हे. ट्रकमध्ये माल आहे एवढं दिसलं की नाक्यावर थांबवायचे, कागद बघायचे. थांबवलेल्या प्रत्येक ट्रकात चोरीचा माल आहे असं कोणी म्हणत नसे. पण कागद न बघता सोडून देणं हेही चूकच.

आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. ऑक्सिबेन्झोन त्वचेतून आत जातं हे १९९७ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं होतं. ज्या वस्तू करोडो लोक अंगाला फासतात, त्यातली रसायनं पुरेपूर वापरली तर रक्तात किती जातात हे नीट मोजायला त्यानंतर बावीस वर्षं लागली. उत्पादक म्हणत होते, इतकी वर्षं वापर आहे, कोणाला काही झालं नाही. हा युक्तिवाद मी विद्यार्थ्यांना परीक्षेत लिहू देत नाही. कोणी शोधलंच नाही, तर सापडणार कुठून?

२०२० च्या जानेवारीत त्याच गटाने ४८ लोकांवर दुसरा अभ्यास छापला. यात पहिल्या दिवशी एकदाच लावलं, तरी रेघ ओलांडली गेली. आणि लावणं चौथ्या दिवशी बंद केल्यावर एकविसाव्या दिवशीसुद्धा, तोवर तपासणीला आलेल्या बहुतेकांच्या रक्तात ऑक्सिबेन्झोन रेघेच्या वरच होतं. मला ४०० पटीपेक्षा ही गोष्ट जास्त विचार करायला लावते. रोज लावणाऱ्या माणसाच्या अंगातून ते पूर्णपणे कधी जातच नाही.

तुलनेसाठी, ॲव्होबेन्झोन हे दुसरं रसायन पहिल्या अभ्यासात ५ नॅनोग्रॅमच्या आतच राहिलं. म्हणजे "केमिकल सनस्क्रीन" असा एकच शिक्का मारून सगळ्यांना एका रांगेत उभं करण्यात अर्थ नाही. आत शिरण्याच्या बाबतीत ऑक्सिबेन्झोन बाकीच्यांच्या फार पुढे आहे.

या प्रयोगातली माणसं दवाखान्यात, छपराखाली होती हेही लक्षात ठेवा. घाम नाही, पाणी नाही, ऊन नाही. आणि त्यांनी लावलं तेवढं आपण कधीच लावत नाही. साधारण माणूस ठरलेल्या प्रमाणाच्या पाव ते निम्मं लावतो.

बरं, आत गेलं. पुढे काय करतं?

पहिला आरोप हार्मोनचा. २००१ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी उंदरांच्या पिल्लांना, म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांच्या माद्यांना, ऑक्सिबेन्झोन खाद्यातून दिलं. त्यांच्या गर्भाशयाचं वजन वाढलं. इस्ट्रोजेन या स्त्रीहार्मोनसारखा परिणाम. निष्कर्ष खरा होता, पण मात्रा प्रचंड होती. २०११ मध्ये तीन त्वचारोगतज्ज्ञांनी गणित मांडलं: चेहरा, मान, हात एवढ्या भागावर बेताच्या प्रमाणात रोज सनस्क्रीन लावणाऱ्या बाईला त्या उंदरांएवढी मात्रा अंगात साठवायला २७७ वर्षं लागतील. हा आकडा सनस्क्रीनच्या बाजूचे लोक फार उत्साहाने सांगतात. मला तो अर्धाच पटतो. हार्मोनसारखं वागणारे पदार्थ साठून काम करतात असं नाही. गर्भाच्या वाढीत ठरावीक आठवडे नाजूक असतात, तेव्हा थोड्या मात्रेचाही प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न २७७ वर्षांच्या भागाकारात येत नाही.

माणसांवर काय दिसलं? २००४ मध्ये डेन्मार्कमध्ये ३२ जणांना एक आठवडा साधं क्रीम आणि एक आठवडा १० टक्के ऑक्सिबेन्झोन आणि आणखी दोन रसायनं असलेलं क्रीम संपूर्ण अंगाला लावायला दिलं. हार्मोनच्या पातळ्यांत किरकोळ फरक आले, पण ते सनस्क्रीनमुळे आले असं संशोधकांना वाटलं नाही. एक आठवडा, ३२ माणसं, त्यातले पुरुष तरुण आणि बायका पाळी गेलेल्या. दिलासा आहे, पण लहान आकाराचा. गरोदर बायकांच्या लघवीतलं प्रमाण आणि बाळाचं वजन यांची सांगड घालणारे अभ्यासही आहेत. कुठे मुलींचं वजन थोडं कमी, कुठे मुलग्यांचं थोडं जास्त. ते एकमेकांशी नीट जुळत नाहीत आणि त्यावरून कारण सिद्ध होत नाही.

दुसरा आरोप कर्करोगाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांना दोन वर्षं खाद्यातून ऑक्सिबेन्झोन देऊन २०२० मध्ये अहवाल दिला. छोट्या उंदरांत कर्करोगाचा पुरावा नाही. मोठ्या जातीच्या उंदरांत काही गाठी दिसल्या, पण त्याबद्दल त्यांनी शब्द वापरला तो संदिग्ध पुरावा. म्हणजे "हो" म्हणता येत नाही, "नाही" म्हणूनही मोकळं होता येत नाही. माणसांत सनस्क्रीनमधल्या ऑक्सिबेन्झोनमुळे कर्करोग झाल्याचं कोणी दाखवलेलं नाही.

तिसरा आरोप ॲलर्जीचा, आणि तो पूर्ण सिद्ध आहे. गंमत अशी की याबद्दलच कोणी निरोप पाठवत नाही. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोग तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ सालचा 'वर्षाचा ॲलर्जन' म्हणून बेन्झोफेनोन हा गटच निवडला होता. ऑक्सिबेन्झोनची एक खास खोड आहे. काहींना ते लावून घरात बसलं तर काही होत नाही, उन्हात गेलं की खाज, लाली, पुरळ. याला प्रकाश-ॲलर्जी म्हणतात. पुरळ कपाळ, गाल, मानेचा व्ही, हातांची वरची बाजू इथे येतं. हनुवटीखाली आणि कानामागे, जिथे सावली असते, तिथे सहसा येत नाही. आणि मग माणूस काय समजतो? उन्हाने झालं. म्हणून आणखी सनस्क्रीन थापतो. हे चक्र महिनोन्‌महिने चालू शकतं. असं होत असेल तर ट्यूब बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. पाठीवर पट्ट्या लावून, त्यावर प्रकाश टाकून करायची एक चाचणी असते, ती कारण नेमकं सांगते. हातावर आतल्या बाजूला थोडं लावून बघायचा घरगुती उपाय इथे फसवतो, कारण त्या जागेला ऊन लागतच नाही.

अजून एक, खास आपल्याकडच्या घरांसाठी. गुडघेदुखीवर, पाठदुखीवर किटोप्रोफेन नावाचं वेदनाशामक असलेली जेल मिळतात. त्याची रचना बेन्झोफेनोनच्या घराण्यातलीच. एखाद्याला किटोप्रोफेनची जेल लावून उन्हात पुरळ आलं असेल, तर ऑक्सिबेन्झोनही त्याला चालत नाही, असं बरेचदा दिसतं. आजोबांच्या गुडघ्याच्या मलमाचा आणि सनस्क्रीनचा संबंध असू शकतो हे सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा.

सरकारांनी काय केलं? युरोपने आधी १० टक्क्यांची परवानगी ६ वर आणली. मग त्यांच्या वैज्ञानिक समितीने २०२१ मध्ये हिशेब केला आणि म्हटलं, सगळ्या अंगाला ६ टक्के लावणं सुरक्षित धरता येत नाही. २०२२ च्या नियमात चेहरा, हात आणि ओठांच्या उत्पादनांना ६ टक्के राहिले, अंगाला लावायच्या क्रीमला २.२ टक्के. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. बंदी नाही, पण जेवढी जास्त त्वचा तेवढं प्रमाण कमी. अमेरिकेत ६ टक्क्यांची जुनी परवानगी. एफडीएने २०१९ मध्ये सोळा घटकांची वर्गवारी प्रस्तावित केली: झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड सुरक्षित, दोन घटक बाद, आणि ऑक्सिबेन्झोनसह बारांची माहिती अपुरी. २०२१ मध्ये तेच पुन्हा मांडलं. हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोनच्या सनस्क्रीनची विक्री थांबवली, पण ती प्रवाळांसाठी, माणसांसाठी नव्हे. प्रवाळांच्या पिलांवर प्रयोगशाळेत घातक परिणाम दिसले होते. प्रवाळांचा मोठा शत्रू तापणारा समुद्रच आहे, तरी मालवणला किंवा लक्षद्वीपला पाण्यात उतरणार असाल तर पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. त्वचाही वाचते, पाण्यात काही मिसळतही नाही.

अमेरिकेत सनस्क्रीन औषधात मोडतं, म्हणून वेष्टनावर प्रत्येक मुख्य घटकाची टक्केवारी छापावी लागते. आपल्याकडे ते सौंदर्यप्रसाधन. घटकांची यादी असते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने आणि मग बाकीचे. पण किती टक्के, ते कळत नाही. अगदी लहान पॅकना यादी छापण्यातून सूटही आहे. तेव्हा यादी वाचूनच घ्यायचं असेल तर मोठी ट्यूब घ्या.

आता ज्यासाठी हे सगळं सांगायला घेतलं ते. अशा बातम्यांनी घाबरून कोण सनस्क्रीन सोडतं? ज्यांना त्याची खरी गरज आहे तेच. बाळंतपणानंतर गालांवर वांग आलेल्या बाया. ल्युपसचे रुग्ण, ज्यांचा आजार उन्हाने भडकतो. आणि जन्मतःच त्वचेत रंगद्रव्य नसलेली माणसं, ज्यांना भारतातही उन्हामुळे त्वचेचा कर्करोग होतो. आपल्यापैकी बाकीच्यांना, गहूवर्णी आणि सावळ्या लोकांना, तो फार क्वचित होतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या एका गावात १९९२ पासून साडेचार वर्षं सोळाशे लोकांवर प्रयोग झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत पुढच्या दहा वर्षांत मेलानोमा हा घातक कर्करोग निम्मा झाला. तो गोऱ्या कातडीचा हिशेब आहे, आपल्याला जसाच्या तसा लागू नाही. पण त्यात एक तपशील आहे, त्या सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन नव्हतं. म्हणजे फायदा मिळवायला हेच रसायन लागतं असं नाही.

म्हणून माझं मत असं. ऑक्सिबेन्झोन विष नाही. घरात अर्धी ट्यूब असेल आणि तुम्ही धडधाकट प्रौढ असाल, तर तोंडाला लावून संपवलीत तरी मी काही बोलणार नाही. पण नवीन घेताना मी ते घेणार नाही, कारण त्याच्याशिवाय तेवढीच चांगली सनस्क्रीनं दुकानात आहेत, बहुतेक वेळा त्याच किमतीत. जोखीम लहान आणि अनिश्चित आहे, पण ती टाळायला काहीच खर्च नाही. मग का घ्यावी?

गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर मात्र मी "घेऊ नका" म्हणेन, आणि झिंक ऑक्साइडचं घ्या. ते पांढरट दिसतं ही तक्रार खरी आहे, सावळ्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखं होतं. त्यावर उपाय रंग मिसळलेल्या, टिंटेड सनस्क्रीनचा. त्यातला आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतो, आणि वांग असणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो आणि ऑक्सिबेन्झोन त्या प्रकाशाला अडवतच नाही. वांगासाठी महिनोन्‌महिने महागडं पारदर्शक जेल लावून फरक न पडलेल्या कितीतरी बाया आहेत. त्यांना हे सांगा.

लहान मुलांचं वेगळं. वजनाच्या मानाने त्यांची त्वचा मोठी असते, त्यामुळे तेवढ्याच क्रीमची मात्रा त्यांना जास्त पडते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन नकोच, सावली आणि टोपडं. त्यापुढे उघड्या भागावर झिंकचं. स्प्रे मुलांच्या तोंडावर मारू नका, नाकातोंडात जातो.

आणि नागपूर, इंदूर, हैदराबादच्या एप्रिलमध्ये दुपारी स्कूटरवर जाणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ गुंडाळतात ना, त्यांना लोक हसतात. दाट विणीचा कोरडा सुती कपडा अतिनील किरण चांगले अडवतो, रक्तात जात नाही आणि दर दोन तासांनी परत लावावा लागत नाही. फक्त डोळ्यांभोवती, नाकाच्या शेंड्यावर आणि हातांच्या पाठीवर जे उघडं राहतं, तिथे ट्यूब लागते. तेवढ्या भागाला दोन बोटांवर काढलेल्या रेघा पुरतात.